उंबराच्या फळातील वस्ती: एका बहराचा प्रकरण अभ्यास

ओढ्याच्या काठी, गावाच्या शिवेजवळ उभ्या असलेल्या एका जुन्या उंबराच्या खोडावर माघाच्या अखेरीस हिरव्या घुंडीएवढी फळे धरली आणि चैत्र संपता संपता तोच बहर तांबडा होऊन झाडाखालच्या चिखलात मिसळून गेला. या दोन महिन्यांत दर तीन-चार दिवसांनी त्याच फांदीवरचे एक फळ उतरवायचे, धारदार पात्याने उभे चिरायचे आणि भिंगाखाली पाहून वहीत नोंद करायची, असा क्रम मी ठेवला होता. पुढे मांडलेले प्रकरण त्या एका झाडाचे आणि त्या एका बहराचे आहे. साध्या भिंगातून जे दिसणे शक्यच नव्हते ते या विषयावर वर्षानुवर्षे काम केलेल्या संशोधकांकडून घेतले आहे आणि जिथे घेतले तिथे त्यांचा उल्लेख केला आहे.

उंबर आणि त्याचा परागवाहक कीटक ही जोडी सहजीवनाचे उदाहरण म्हणून शाळेपासून शिकवली जाते. झाड किड्याला घर देते, किडा झाडाचे परागण करतो, दोघांचेही भले होते, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. या मांडणीत खोटे काही नाही, पण ती फार अपुरी आहे. उंबराच्या एकाच फळात उपकारकर्ते, चोर, चोरांवर जगणारे, पहारा देणारे आणि दुसऱ्याच्या अंगावर बसून प्रवास करणारे असे सगळेच एका वेळी नांदतात. बहर पाहून झाल्यावर माझे मत असे झाले की वड-उंबर वर्गाची झाडे आणि त्यांच्या परागवाहक माश्या यांचा व्यवहार सुमारे साडेसात कोटी वर्षे टिकून राहिला याचे श्रेय त्या दोघांना जेवढे आहे, तेवढेच त्यांच्याभोवती गर्दी करून राहणाऱ्या या बाकीच्यांनाही आहे.

बंद दाराआडची फुले

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. प्रत्यक्षात उंबराला फुलांचा तोटा नाही. एकेका फळात ती हजारोंच्या घरात असतात, फक्त ती सगळी आतल्या अंगाला उमलतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती एक मांसल, पोकळ कुपी असून तिच्या आतल्या भिंतीला फुलांचे अस्तर असते, आणि वनस्पतिशास्त्रात या रचनेला कुंभासनी फुलोरा असे नाव आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला एक अगदी बारीक तोंड असते आणि तेही एकावर एक दडपून बसलेल्या छदांनी, म्हणजे खवल्यांसारख्या बारीक पानांनी, बंद केलेले असते. उंबराच्या एकाच कुपीत मादी फुले आणि नर फुले दोन्ही असतात; मादी फुले भिंतीचा बहुतेक भाग व्यापतात, तर नर फुले तोंडाभोवती दाटीने बसलेली असतात. मात्र दोन्ही एका वेळी तयार होत नाहीत. मादी फुले आधी पक्व होतात आणि नर फुलांचे परागकोश उघडायला त्यानंतर कित्येक आठवडे जावे लागतात. त्यामुळे कुठल्याही फळाला स्वतःचे पराग स्वतःसाठी वापरता येत नाहीत. ते दुसऱ्या फळातून, आणि एका झाडावरची फळे बहुधा एकाच वेळी वाढत असल्यामुळे दुसऱ्या झाडावरून, यावे लागतात.

तेल अवीव विद्यापीठातील याकोव्ह गालिल आणि त्यांचे सहकारी आयसिकोविच यांनी १९६८ मध्ये, उंबराच्याच भाऊबंदांपैकी असलेल्या सायकामोर या झाडाचा अभ्यास करताना, फळाच्या आयुष्याचे पाच टप्पे पाडले आणि आजही सगळे अभ्यासक तेच वापरतात. पहिल्या टप्प्यात फळ कोवळे व मिटलेले असते. दुसऱ्यात मादी फुले परागणाला तयार होतात, तिसऱ्यात बिया आणि किडे शेजारी शेजारी वाढतात, चौथ्यात नर फुले उमलतात व किडे बाहेर पडतात, आणि पाचव्यात फळ पिकते. माझ्या वहीत हे टप्पे नीट ओळखू आले. दुसरा टप्पा मात्र एवढा थोडक्या दिवसांचा होता की पहिल्या खेपेला तो माझ्या हातून जवळजवळ निसटलाच.

फाल्गुनाच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी फळांच्या तोंडाशी काळसर ठिपके हलताना दिसले. भिंग लावल्यावर त्या जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या माश्या निघाल्या. गावात यांना सरसकट चिलटे म्हणतात, पण चिलटांशी यांचे नाते नाही. त्या गांधीलमाशीच्या गोतातल्या असून उंबराच्या परागवाहक माशीचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स असे आहे. फळ तयार झाले की त्यातून एक विशिष्ट गंध सुटतो आणि त्या गंधाच्या मागाने ही मादी फळापर्यंत पोहोचते. तिचे डोके चपटे असते आणि जबड्यांच्या खालच्या बाजूला करवतीसारखे दाते असतात, त्यांच्या आधाराने ती छदांच्या फटीतून अंग रेटत आत शिरते. माझ्यासमोर एक मादी आत जात असताना तिचे पंख छदांत अडकून तुटले आणि तोंडाशी तसेच चिकटून राहिले. शिरताना बहुतेकींच्या मिशांचे शेंडेही मोडतात. पंख गेल्यावर बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ही मादी आपले उरलेले सगळे आयुष्य, म्हणजे फार तर एखादा दिवस, त्या काळोख्या पोकळीत काम करत घालवते आणि तिथेच मरते.

हिशोब कोण ठेवतो

आत शिरलेली मादी दोन कामे करते. तिच्या छातीच्या खालच्या बाजूला पराग ठेवण्याचे दोन कप्पे असतात. त्यांतले पराग पायांनी काढून ती कुक्षींवर, म्हणजे मादी फुलांच्या पराग घेणाऱ्या टोकांवर, मुद्दाम ठेवते. मधमाशीच्या अंगाला लागलेले पराग फुलाला आपोआप पुसले जातात, तसा हा प्रकार नाही, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. दुसरे काम अंडी घालण्याचे. आपली बारीक अंडनळी फुलाच्या कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीपासून अंडाशयापर्यंतच्या दांड्यातून, खाली सरकवून ती अंडाशयात एक अंडे सोडते, आणि त्या फुलात बी न धरता एक गाठ तयार होऊन तिच्यात एक अळी वाढते. म्हणजे प्रत्येक अळीमागे झाड एक संभाव्य बी गमावते.

येथे प्रकरणाचा खरा प्रश्न उभा राहतो. मादीने सगळ्याच फुलांत अंडी घातली तर तिची पिल्ले जास्त होतील, पण झाडाला बी मिळणार नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले तर शेवटी झाडही उरणार नाही आणि माशीही. असे होत नाही, हे तर उघड आहे, कारण पिकलेले उंबर चिरले की गाठींबरोबर बियाही ढिगाने दिसतात. तर मग या माशीला कोण आवरते?

यावर अनेक वर्षे एक उत्तर दिले जात होते, ते कुक्षीवृंताच्या लांबीचे. फुलांचे देठ आणि कुक्षीवृंत सारख्या लांबीचे नसतात. ज्यांचा अंडाशय पोकळीच्या जवळ येतो त्या फुलांचे वृंत आखूड असतात, तर ज्यांचा अंडाशय भिंतीलगत राहतो त्यांचे लांब. आखूड वृंताच्या फुलांत माशीला अंडे घालणे सोपे जाते आणि लांब वृंताच्या फुलांत बी धरण्याची शक्यता वाढते. हे खरे आहे, परंतु पुरेसे नाही, कारण अनेक जातींमध्ये माशीची अंडनळी लांब वृंतांच्याही तळापर्यंत पोहोचू शकते, तरीदेखील त्या फुलांत माशीची पिल्ले कमीच आढळतात.

दुसरे उत्तर झाडाकडून दिल्या जाणाऱ्या शिक्षेचे आहे. पनामामध्ये शार्लोट यांडर आणि ॲलन हेर यांनी पराग नसलेल्या माद्या मुद्दाम फळात सोडल्या आणि जे दिसले ते २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ज्या जातींच्या माश्या पराग स्वतः ठेवतात अशा झाडांवर परागण न झालेली फळे झाडाने मोठ्या प्रमाणात गाळली, आणि त्यांच्याबरोबर आतली पिल्लेही गेली. या प्रयोगाने फुकटेपणाला आळा कसा बसतो ते कळते. पण परागण करूनही जास्त अंडी घालणारी मादी अशा शिक्षेत सापडत नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यासाठी आपल्याला जोडीच्या बाहेर पाहावे लागते. ऑस्ट्रेलियातील एका वन्य अंजिरावर डेरेक डन, जेम्स कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आणि ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले की भिंतीलगतच्या गाठींवर परजीवी माश्यांचा घाला फार पडतो आणि पोकळीच्या बाजूच्या, आतल्या गाठी त्यापासून जवळपास सुरक्षित राहतात. परजीवी माश्या फळात शिरत नाहीत. त्या बाहेर बसून सालीतून अंडनळी आत घुसवतात, आणि ती ठरावीक खोलीपर्यंतच जाते. तेव्हा जी परागवाहक मादी भिंतीलगतच्या फुलांत अंडी घालील तिची पिल्ले परजीवींच्या तोंडी जातील, आणि जी आतल्या फुलांवर भागवील तिची पिल्ले जगतील. भिंतीलगतची फुले अशा रीतीने झाडाला बियांसाठी मोकळी राहतात. झाडाचा आणि माशीचा करार पाळला जातो तो दोघांच्याही शत्रूमुळे. ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा उंबराच्या फळाकडे पाहण्याची माझी नजर बदलली, आणि सहजीवन शिकवताना परजीवी हा शब्द गाळणे ही केवढी चूक आहे हेही समजले.

सालीवरची गर्दी

उंबराच्या बाबतीत या शत्रूंची ओळख फार चांगली झालेली आहे आणि ते काम आपल्या शेजारीच, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, रेने बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले आहे. त्यांच्या अभ्यासातील उंबरांवर परागवाहक माशीखेरीज आणखी सहा जातींच्या माश्या वाढतात आणि त्यांपैकी एकही परागण करत नाही. तीन जाती स्वतः फुलांत गाठी करून झाडाचे अन्न खातात, तर उरलेल्या तीन जातींच्या अळ्या इतरांच्या गाठीत घुसून तिथल्या अळीच्या जिवावर वाढतात. या सातांची हजेरी एकाच वेळी लागत नाही. गाठी करणाऱ्यांपैकी काही जणी परागवाहक माशीच्याही आधी, फळ कोवळे असतानाच, येऊन जातात, आणि परजीवी त्यांच्यानंतर, शिकार आत वाढू लागल्यावर येतात. गाठी करणाऱ्या माश्या अंडी पूर्ण पिकलेल्या स्थितीतच घेऊन बाहेर पडतात आणि थोडक्यात मरतात, तर परजीवी माश्या त्यांच्यापेक्षा जास्त दिवस जगतात व अंडी हळूहळू पिकवतात, असे या गटाने दाखवले आहे. योग्य यजमान योग्य खोलीवर सापडेपर्यंत थांबायचे असेल तर आयुष्य लांबच हवे.

फाल्गुनाच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फांदीवर यांची अक्षरशः दाटी झाली होती. शरीराच्या काही पट लांब, केसासारखी शेपटी वर उचलून माशी सालीवर चालते, मिशांनी जागोजाग चाचपते आणि एका जागी थांबून ती शेपटी कमानीसारखी वाकवून सालीत उतरवू लागते. ही शेपटी म्हणजेच अंडनळी. माणसाच्या केसाहून बारीक असलेली ही नळी न वाकता, न मोडता कच्च्या उंबराच्या चिवट सालीतून आरपार जाते कशी, याचे उत्तर बंगळुरूच्याच लक्ष्मीनाथ कुंदनाटी आणि नम्रता गुंडय्या यांनी २०१४ मध्ये दिले. परजीवी माशीच्या अंडनळीच्या टोकाला दाते असतात आणि त्या दात्यांमध्ये जस्त साठवलेले असते, त्यामुळे ते टोक कठीण होते. माझ्या डोळ्यांदेखत एका माशीने नळी आत घातलेली ठेवून कितीतरी मिनिटे हालचाल न करता काढली, आणि त्या सगळ्या वेळात ती पूर्णपणे असहाय होती.

या असहायपणाचा फायदा घेणारे जवळच असतात. पाने शिवून घरटी करणारे लाल मुंगळे, कोकणात आणि गोव्यात ज्यांना हुमले म्हणतात ते, उंबराच्या फांद्यांवर फिरत असतात आणि सालीत नळी रुतवून बसलेली माशी त्यांना आयतीच सापडते. परागवाहक मादी तोंडाशी येऊन पटकन आत निघून जाते, त्यामुळे मुंगळ्यांचा उपद्रव तिच्यापेक्षा परजीवींना जास्त होतो. बोर्जेस यांच्या गटाने २००९ मध्ये असेही दाखवले की फळांच्या आणि माश्यांच्या गंधाला शिकारी मुंग्यांचा प्रतिसाद एक असतो आणि मावा किंवा पिठ्या ढेकूण राखणाऱ्या मुंग्यांचा दुसराच. म्हणजे ‘झाडावर मुंग्या आहेत’ एवढी नोंद काही कामाची नाही. कोणत्या मुंग्या आणि फळाच्या कोणत्या टप्प्यावर, हे लिहावे लागते. माझ्या पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदींत नेमके हेच राहून गेले.

सूत्रकृमींचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण ते माझ्या भिंगाच्या आवाक्यातले नव्हते. हे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी परागवाहक मादीच्या अंगावरून वा अंगातून नव्या फळात पोहोचतात. पंख नसलेला नर किंवा परजीवी माशी त्यांच्या उपयोगाची नसते, कारण त्यांतले कुणीच कोवळ्या फळाच्या पोकळीत जाणार नसते. योग्य वाहन ते गंधावरून ओळखतात, असे याच गटाच्या २०१० मधील कामातून कळले. पुढे २०१९ मध्ये सत्यजीत गुप्ता आणि बोर्जेस यांनी दाखवले की एका माशीवर थोडेच कृमी असतील तर तिचे फारसे बिघडत नाही, गर्दी झाली तर मात्र माशी आणि फळ दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते. परजीवी आणि निरुपद्रवी सहप्रवासी यांतली रेघ कधी कधी केवळ संख्येवर ठरते.

उंबराच्या पानांवरही फोडांसारख्या गाठी असतात आणि अनेकांचा समज असतो की फळातले किडे तिथूनच येतात. तो समज चुकीचा आहे. पानांवरच्या गाठी रस शोषणाऱ्या वेगळ्याच कीटकाच्या आहेत आणि फळातल्या व्यवहाराशी त्यांचा संबंध नाही.

बोगदा

चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात एक फळ चिरले तेव्हा आतली सगळी वस्ती एकदम उघड्यावर आली. पिवळसर रंगाचे, पंख नसलेले, जवळजवळ आंधळे नर गाठींवरून सरपटत होते. गाठीला भोक पाडून आतल्या मादीशी ती बाहेर येण्याआधीच मीलन करणे, हे त्यांचे पहिले काम. गाठीगाठींत काळ्या माद्या दिसत होत्या, पण त्या निपचित होत्या. चिरलेली दोन्ही अर्धुके मी तशीच ताटलीत ठेवून दिली आणि थोड्या वेळाने पाहिले तर माद्या हलू लागल्या होत्या, काही गाठींतून अंग बाहेर काढत होत्या.

हा योगायोग नव्हता. गालिल आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आपल्या पिंपळाच्या फळांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. बंद फळात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्या कोंडलेल्या हवेत नर उत्साहाने काम करतात आणि माद्या मात्र गुंगीत राहतात. नरांनी फळाच्या भिंतीतून बोगदा पोखरून बाहेर वाट काढली की बाहेरची हवा आत येते, आणि मग माद्या जाग्या होतात. माझ्या पात्याने नरांचे काम त्यांच्या आधीच करून टाकले होते, एवढेच. नैसर्गिक क्रमात जाग्या झालेल्या माद्या गाठींतून निघतात, याच सुमारास उघडलेल्या नर फुलांमधून पराग गोळा करून छातीच्या कप्प्यांत भरतात आणि बोगद्यातून बाहेर पडतात. नर मात्र बोगद्याच्या बाहेर पडले की खाली गळतात. शेजारच्या फळांवर बोगद्याच्या तोंडाशी मुंग्या आधीच जमलेल्या होत्या आणि बाहेर डोकावणारा जवळजवळ प्रत्येक नर त्यांनी उचलला.

परजीवी माश्याही बहुतेक याच बोगद्याने बाहेर पडतात. ज्याच्या पिल्लांवर त्या वाढल्या त्याच माशीच्या नरांनी पोखरलेली वाट नसेल तर त्या फळातच कोंडून मरतील. म्हणून परजीवींनाही परागवाहक माशी संपवून चालत नाही; तिच्या पिल्लांपैकी पुरेशी जगली तरच त्यांची पुढची पिढी बाहेर येते.

झाडांमधले अंतर

बाहेर पडलेल्या मादीपाशी एक-दोन दिवसांचे आयुष्य असते, ती काही खात नाही, आणि जिथून निघाली त्या झाडावर तिच्या कामाचे एकही फळ नसते, कारण तिथली सगळी फळे तिच्याच वयाची झालेली असतात. तिला दुसरा उंबर गाठावा लागतो, आणि तोसुद्धा नेमका दुसऱ्या टप्प्यातला. एवढासा जीव हे अंतर काटतो तो वाऱ्याच्या भरवशावर: झाडाच्या शेंड्यावर उंच उठायचे, वाऱ्याबरोबर वाहत जायचे आणि गंध लागला की खाली उतरायचे. नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीच्या काठी विरळ वाढणाऱ्या सायकामोर झाडांच्या बियांची आनुवंशिक तपासणी करून संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की तिथली परागवाहक माशी सुमारे १६० किलोमीटर दूरच्या झाडावरून पराग आणते. कीटकांमधील परागवहनाचा असा पल्ला क्वचितच नोंदला गेला आहे.

असे असले तरी वाऱ्याला दिशा असते आणि आयुष्याला मर्यादा असते. परिसरात वर्षभर कुठल्या ना कुठल्या उंबराची फळे दुसऱ्या टप्प्यात असतील तरच माशीची साखळी चालू राहते. एक झाड, मग ते कितीही मोठे आणि फळांनी लगडलेले असो, स्वतःची माशी जगवू शकत नाही. झाडे वेगवेगळ्या वेळी बहरतात याचे एक कारण हेच सांगितले जाते, आणि त्याचा फायदा माशीपेक्षाही फळे खाणाऱ्यांना अधिक होतो.

पिकलेल्या उंबराकडे कोण येते, हे मराठी माणसाला सांगायला नको. ‘उंबर पिकले आणि नडगीचे डोळे आले’ ही म्हणच आहे. नडगी म्हणजे अस्वल, आणि ऐन मोसमात त्याचे डोळे यावेत यापरते दुर्दैव कोणते. दिवसा हरियाल, तांबट, कोकीळ, हळद्या, साळुंक्या, बुलबुल आणि घाटात धनेश, रात्री वटवाघळे, खाली पडलेल्या फळांवर भेकर आणि रानडुकरे. जगभरातील वड-उंबर-अंजीर वर्गाची फळे खाणाऱ्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची २००१ मधील मोजदाद १,२७४ जातींपर्यंत पोहोचली. पेरूच्या जंगलात काम करणाऱ्या जॉन टरबर्ग यांनी १९८० च्या दशकात या झाडांना कळीची जाती, म्हणजे जिच्यावर बाकी अनेकांचे जगणे अवलंबून असते अशी जाती, ठरवले, कारण बाकी जंगलात फळांचा दुष्काळ असतानाही ती फळतात. ही गोष्ट प्रत्येक जंगलात तशीच लागू पडते असे मात्र नाही. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये ही झाडे इतकी विरळ निघाली की तिथल्या अभ्यासकांनी हा दर्जा मान्य केला नाही. आपल्याकडे बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या आणि कर्नाटकातल्या मागोडच्या जंगलात शेकरूंच्या खाण्याचा मागोवा घेऊन हाच प्रश्न तपासला होता. म्हणून ‘उंबर ही कळीची जाती आहे’ हे वाक्य सरसकट उच्चारण्यापेक्षा इथे, या खोऱ्यात, किती उंबर आहेत आणि ते कधी फळतात, हे आधी मोजले पाहिजे.

जोडीदार नसतो तेव्हा

या वस्तीतला एक जण कमी झाला तर काय होते, हे अनुमानाने सांगायची गरज नाही, कारण तशी स्थिती काही ठिकाणी प्रत्यक्ष आहे. इजिप्तमध्ये आणि इस्रायलमध्ये सायकामोर प्राचीन काळापासून लावला जातो, पण त्याची परागवाहक माशी तिथे नाही. बी धरत नाही, त्यामुळे झाडे फांद्या लावूनच वाढवावी लागतात. तिथे पोहोचलेली दुसरी माशी फळात शिरून नुसत्या गाठी करते आणि फळ किड्यांनी भरून जाते. म्हणून लोक फार पूर्वीपासून कोवळ्या फळांना चाकूने चिरा देत आले. जखमेमुळे फळात इथिलीन वायू तयार होऊन ते किडे बाहेर पडण्याच्या आतच फुगते आणि खाण्याजोगे होते. गालिल यांनी या जुन्या पद्धतीवर १९६८ मध्येच लिहिले आहे. आपल्याकडच्या उंबराला चाकू लावावा लागत नाही, याचे कारण सेराटोसोलेन फ्युसिसेप्स.

बोर्निओतल्या लांबीर हिल्सच्या जंगलात हा तुटवडा एकाएकी आला. १९९८ च्या सुरुवातीच्या एल निनोच्या दुष्काळात तिथल्या अनेक वन्य अंजिरांना नवी फळे धरली नाहीत आणि तेवढ्याच खंडात त्यांच्या परागवाहक माश्या त्या परिसरातून नाहीशा झाल्या, असे ऱ्हेट हॅरिसन यांनी २००० मध्ये नोंदवले. झाडे उभीच होती. पुढे फळे धरली तेव्हा त्यांच्यात शिरायला कुणी नव्हते. झाडाचे आयुष्य दशकांचे आणि माशीचे दिवसाचे असल्यामुळे अशा संकटात आधी माशी संपते, आणि झाडाकडे पाहून ते कळतही नाही. सिंगापूरमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तापमान काही अंशांनी वाढवताच चार जातींच्या परागवाहक माश्यांचे आधीच तोकडे आयुष्य आणखी घटले. दोन दिवसांतले काही तास कमी होणे ऐकायला किरकोळ वाटेल, पण पुढच्या झाडापर्यंतचे अंतर कापायचे असते ते याच तासांत.

आपल्याकडे उंबर तोडला जात नाही, कारण तो औदुंबर आहे, दत्ताचे स्थान आहे. नरसोबाच्या वाडीपासून गल्लीतल्या पारापर्यंत त्याला हात लावायला माणूस धजावत नाही. या श्रद्धेने किती जुनी झाडे वाचवली याचे मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण ती वाचवते पारावरच्या एकट्या झाडाला. ओढ्याकाठचे, बांधावरचे, कुणी न पूजलेले दहा-वीस उंबर रस्ता रुंद करताना किंवा काठ बांधून काढताना जातात, तेव्हा कुणाचे लक्ष नसते, आणि पारावरच्या झाडाची माशी येते ती त्या झाडांवरूनच.

माझ्या झाडाच्या माद्या चैत्रात बाहेर पडल्या त्या दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाचा सर्वांत जवळचा उंबर पाहून आलो. त्याची फळे अजून घुंडीएवढी, मिटलेली होती; त्या माद्यांना तिथे काहीच मिळणार नव्हते. खालच्या अंगाला, स्मशानाच्या कुंपणापाशी, एका कोवळ्या उंबराला मात्र बुंध्यालगत तेवीस फळे होती, आणि त्यांतल्या चौदांच्या तोंडाशी पंख चिकटलेले होते. आता दोन्ही काठांवरच्या सगळ्या उंबरांना क्रमांक देऊन झाले आहेत. दर पंधरवड्याला प्रत्येक झाडाच्या फळांचा टप्पा, फांदीवरच्या मुंग्यांची जात आणि वाऱ्याची दिशा अशा तीन रकान्यांत नोंद होते, आणि स्मशानाच्या कुंपणापाशीच्या त्या झाडाचा क्रमांक पहिला आहे.